क्रोमच्या पट्टीवरचा रंग पुन्हा पुन्हा का सोलतो? आधी पापुद्रा उलटा करून बघा

गाडीच्या पुढच्या ग्रिलचं क्रोम नकोसं झालं म्हणून त्यावर काळा रंग मारला. दोन-तीन महिने छान दिसला. मग एका कोपऱ्यात नखाएवढा तुकडा उडाला. गाडी धुताना पाण्याच्या जोरानं तो बोटभर लांब झाला आणि खालून तेच चकचकीत क्रोम पुन्हा दिसायला लागलं. तेवढा भाग घासून, दुसरा रंग आणून पुन्हा मारला. काही महिन्यांनी पुन्हा तेच.

माझ्या हातून एकाच ग्रिलवर हे तीनदा झालं. दर वेळी मी रंगाला दोष दिला आणि दर वेळी आधीपेक्षा महागडा रंग आणला. तिसऱ्यांदा मात्र सोललेला पापुद्रा फेकण्याआधी उलटा करून उजेडात धरला. त्याची मागची बाजू काचेसारखी गुळगुळीत होती. रंगाला धरून राहायला खाली काही नव्हतंच. तो क्रोमवर नुसता पांघरलेला होता. तेव्हापासून कुणी रंग सोलल्याचं सांगितलं की मी आधी विचारतो: पापुद्र्याच्या मागे काय आहे आणि पट्टीवर काय उरलंय? कुठल्या थरानं कुठल्या थराला सोडलं हे तिथेच कळतं, आणि उपायही त्यावरच ठरतो. ते न बघता पुन्हा रंग मारला तर तो पुन्हा निघणार.

आधी हे क्रोम कोणत्या जातीचं आहे ते ओळखा

प्लॅस्टिकवर ‘क्रोम’ म्हणून जे दिसतं ते तीन वेगवेगळ्या गोष्टींपैकी एक असतं, आणि एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही.

पहिलं खरं विद्युत-मुलामा दिलेलं क्रोम. बाहेरची ग्रिल, दाराची हँडलं, खिडकीखालच्या पट्ट्या बहुतेक याच प्रकारच्या असतात. खाली एबीएस किंवा पीसी-एबीएस प्लॅस्टिक असतं. कारखान्यात तीव्र आम्लानं त्या प्लॅस्टिकमधले रबराचे सूक्ष्म कण खाऊन टाकतात, म्हणजे पृष्ठभागावर असंख्य बारीक खळगे पडतात. धातू त्या खळग्यांत रुतून बसतो. त्यावर तांबं, मग निकेल आणि सगळ्यात वर क्रोमियम. गंमत अशी की ज्याच्या नावानं आपण या पट्टीला ओळखतो त्या क्रोमियमचा थर एक मायक्रॉनही (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड नसतो. डोळ्यांना दिसणारी चकाकी बरीचशी खालच्या निकेलची असते. तांबं आणि निकेल मिळून मात्र वीस-तीस मायक्रॉनची चांगली कडक कवची तयार होते.

दुसरा प्रकार म्हणजे निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ बसवून वर पारदर्शक लॅकर मारलेला भाग. केबिनमधल्या काही शोभेच्या कडा आणि दिव्यांच्या आतले परावर्तक असे असतात. इथे धातूचा थर इतका पातळ असतो की लॅकर गेल्यावर पॉलिश पेपरच्या चार हातांत तो निघून जातो. तिसरा प्रकार नुसत्या चिकटपट्टीचा किंवा फॉइलचा.

ओळखायला मल्टिमीटर पुरतो. तो कंटिन्युइटीवर (वीज आरपार गेली की वाजतो त्या खुणेवर) ठेवून दोन्ही टोकं चकचकीत भागावर थोड्या अंतरानं टेकवा. आवाज आला तर धातू अगदी वरच आहे, म्हणजे विद्युत-मुलामा. नाही आला तर वर लॅकर आहे आणि खाली बहुधा ॲल्युमिनियम. चिकटपट्टी असेल तर पट्टीच्या टोकाला नखानं कड लागतेच; हेअर ड्रायरनं कोमट करून ती ओढून काढायची, गोंद पुसायचा, आणि खाली साधं प्लॅस्टिक मिळतं. तिचा विषय एवढ्यावरच संपतो.

ही ओळख न पटवल्यामुळे एक चुकीचा सल्ला फार फिरतो: ओव्हन साफ करायचा फवारा किंवा नाली मोकळी करायची पावडर लावा, क्रोम विरघळून जातं. त्यात कॉस्टिक सोडा असतो आणि तो ॲल्युमिनियम खातो. म्हणून खेळण्यांवरचं आणि छोट्या मॉडेल गाड्यांवरचं ‘क्रोम’ त्यानं खरंच निघतं. खऱ्या क्रोमियमला आणि निकेलला त्यानं काहीही होत नाही. तासभर फवारा लावून ग्रिल जशीच्या तशी राहिली तर तुमचं काही चुकलेलं नाही, फक्त ते रसायन त्या धातूसाठी नव्हतं.

पापुद्र्याची मागची बाजू काय सांगते

मागची बाजू गुळगुळीत आणि पट्टीवर झगझगीत क्रोम शिल्लक, हा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. क्रोमियमवर हवेतच ऑक्साइडचा अतिशय पातळ आणि निष्क्रिय पडदा तयार होतो. त्यामुळेच तो वर्षानुवर्षं काळा पडत नाही, आणि त्यामुळेच रंगाशी त्याचं जमत नाही. इथे रासायनिक पकड जवळपास मिळतच नाही. जी मिळवायची ती ओरखड्यांतून. घासणं कमी पडलं, एवढाच याचा अर्थ. बऱ्याच जणांनी १००० नंबरचा बारीक पेपर ‘हलक्या हातानं’ फिरवलेला असतो. तो क्रोमला फक्त मंद करतो, धर देत नाही.

प्रायमर म्हणजे रंगाआधी मारायचा पायाचा थर. इथेच ‘प्लॅस्टिक प्रायमर’बद्दलही सांगायला हवं. दुकानात प्लॅस्टिकचा भाग आहे म्हटलं की प्लॅस्टिकचा पकड वाढवणारा द्रव हातात येतो. तो द्रव मुख्यतः पॉलिप्रॉपिलीनसारख्या, रंग न धरणाऱ्या प्लॅस्टिकसाठी असतो. तुमचा रंग प्लॅस्टिकवर बसणारच नाहीये, धातूवर बसणार आहे. मागे प्लॅस्टिक आहे की लाकूड, याच्याशी त्याचा संबंध नाही. जिथे मुलामा पूर्ण निघून खालचं प्लॅस्टिक उघडं पडलंय तिथेच त्याचा विचार करायचा, आणि तिथेही भागाच्या मागे कोरलेली प्लॅस्टिकच्या जातीची खूण वाचून. एबीएस असेल तर नीट घासलेल्या पृष्ठभागावर इपॉक्सी प्रायमर (दोन घटक मिसळून मारायचा) चांगला बसतो.

पापुद्र्याच्या मागे धातू चिकटून आला असेल, कडा पत्र्यासारख्या धारदार असतील आणि पट्टीवर निस्तेज प्लॅस्टिक दिसत असेल, तर रंगाचा काही दोष नाही. मुलाम्यानंच प्लॅस्टिक सोडलंय. कारण बहुतेकदा तापमानातला फरक. उन्हात एबीएस धातूच्या कितीतरी पट फुगतं. एक मीटर लांबीची पट्टी ५० अंशांनी तापली असं धरलं, तर मोकळं एबीएस साधारण ४ मिलिमीटर वाढेल. निकेल पाऊण मिलिमीटरही नाही. ही ओढाताण रोज चालते आणि ती त्या सूक्ष्म खळग्यांतल्या पकडीनं सोसायची असते. काळा रंग मारल्यावर पट्टी आणखी तापते. म्हणजे आधीच सैल झालेल्या मुलाम्यावर गडद रंग मारला की तो मुलामा लवकर सुटतो, आणि आपल्याला वाटतं रंग सुटला.

गोल फोड आले असतील आणि फोडल्यावर आत पांढरट किंवा हिरवट भुकटी दिसत असेल, तर खाली गंज चालू आहे. क्रोमियमच्या थराला सूक्ष्म छिद्रं आणि चिरा असतातच. त्यातून खारं पाणी खाली उतरलं की निकेल आणि तांबं झिजायला लागतात. हिरवी झाक त्यांच्याच क्षारांची. त्यावर रंग मारणं म्हणजे ओलावा आणि क्षार आत कोंडून ठेवणं.

प्रायमर पट्टीवर घट्ट आणि फक्त वरचा रंग सोलला असेल तर तयारी ठीक होती, वेळ चुकली. प्रत्येक प्रायमरला पुढचा हात किती वेळात मारायचा याची मुदत असते. ती उलटून गेली की प्रायमर कडक होतो आणि पुन्हा घासल्याशिवाय वरचा थर धरत नाही. आणि रंग सोलण्याऐवजी सुरकुतला असेल तर उलट घडलंय: खालचा थर पुरता वाळायच्या आत वरच्या रंगाचा थिनर त्यात शिरला. डब्यावर लिहिलेली वेळ इथे अक्षरशः पाळायची.

बारीक बारीक खड्डे, म्हणजे रंग मधूनच गोल सरकून खालचा थर उघडा पडलेला, हा सिलिकॉनचा प्रताप. डॅशबोर्ड आणि टायर चमकवायची पॉलिशं बहुतांशी सिलिकॉनवर असतात आणि त्यांचा अंश ग्रिलपर्यंत पोचतो. लोक आधी घासतात आणि मग पुसतात. क्रम उलटा हवा. आधी घासलं तर ते तेल ओरखड्यांत दाबून बसतं.

घासायचं किती, आणि कशानं

काम करायचं तर भाग गाडीवरून उतरवा. मास्किंग टेप लावून जागेवरच रंगवलेल्या पट्टीच्या कडेला रंग टेपच्या धारेवर तुटतो, आणि सोलायला सुरुवात तिथूनच होते. उतरवताना क्लिपा तुटू नयेत म्हणून भाग कोमट असताना काढा. थंड प्लॅस्टिक ठिसूळ असतं.

साबणाच्या पाण्यानं धुवा, मग मेण-तेल काढणाऱ्या द्रवानं किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं दोन स्वच्छ फडकी घेऊन पुसा: एकानं ओलं करायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्यानं टिपायचं. ॲसिटोन आणि लॅकर थिनर दूर ठेवा. ते एबीएस विरघळवतात. क्रोमवर पुसताना काही होत नाही असं वाटतं, पण मुलाम्याच्या सुटलेल्या कडेतून आत शिरून ते खालचं प्लॅस्टिक मऊ करतात.

मग काळा वॉटर पेपर, सिलिकॉन कार्बाइडचा. क्रोमियम कडक असलं तरी सिलिकॉन कार्बाइड त्याहून कितीतरी कडक आहे. २२० नंबरच्या पेपरनं सुरुवात, ३२० नं शेवट, सगळं पाण्यात. पाणी फक्त सफाईसाठी नाही. निकेलची धूळ छातीला वाईट आहे आणि निकेलची ॲलर्जी बऱ्याच जणांना असते. ओलं घासलं की धूळ उडत नाही. हातात नायट्राइलचे मोजे घाला. मुलाम्याची सुटलेली कड ब्लेडसारखी कापते, त्यासाठीही ते हवेत.

कधी थांबायचं? उजेडाकडे तिरपं धरल्यावर कुठेही आरसा दिसता कामा नये. सगळा भाग सारखा करडा आणि मंद हवा. मधूनच पिवळसर झाक आली तर क्रोमियम संपून निकेल लागलंय, हरकत नाही. तांबूस डाग दिसला तर तांबं लागलं. तिथे आणखी घासू नका आणि त्याच दिवशी प्रायमर मारा. पूर्ण मुलामा घासून काढायची गरज नाही. घट्ट बसलेला निकेलचा थर हा रंगासाठी उत्तम पाया आहे. तो काढायच्या नादात प्लॅस्टिकचे कोपरे गोल होतात आणि पट्टीचा आकार बिघडतो.

सगळा कस लागतो तो खोबणींत. ग्रिलच्या जाळीचे आतले कोपरे, अक्षरांच्या बाजू, हँडलच्या मागची वळणं. सपाट भाग सगळेच नीट घासतात, आणि तीनदा सोललेल्या माझ्या ग्रिलवरही प्रत्येक वेळी सुरुवात कोपऱ्यातूनच झाली होती. तिथे करडं स्कफ पॅड (भांड्यांच्या स्क्रबरसारखं घासायचं पॅड) आणि घासायची पेस्ट वापरा. पेपर लाकडी काडीला गुंडाळूनही जातो. जिथे बोट पोचत नाही तिथे पाण्याचा थेंबही जाऊन थांबतो हे लक्षात ठेवून त्या जागांना सपाट भागाच्या दुप्पट वेळ द्या. धारदार कडा ३२० नं किंचित बोथट करा, कारण सुकताना रंग धारेवरून मागे सरतो आणि तिथे पातळ राहतो.

शेवटी पाण्याची परीक्षा. स्वच्छ पाणी ओता. अखंड पडद्यासारखं पसरून राहिलं तर पृष्ठभाग साफ आहे. मधूनच फाटून थेंब झाले तर तिथे तेल आहे, परत पुसा. यानंतर उघड्या बोटानं स्पर्श नाही.

मुलामा सुटला असेल तर

फोड आणि सुटलेल्या कडा ब्लेडच्या टोकानं उचलत जा, जिथपर्यंत सहज उचलतंय तिथपर्यंत. जिथे हट्टानं धरून बसलंय तिथे थांबा. ती कड १८० नं, मग ३२० नं उतरती करा. हिरवी-पांढरी भुकटी असेल तर ती जाईपर्यंत घासा, भरपूर साध्या पाण्यानं धुवा आणि पूर्ण सुकू द्या. त्यानंतर इपॉक्सी प्रायमर, आणि पायरी अजून जाणवत असेल तर त्यावर बारीक पुट्टी, घासणी आणि पुन्हा प्रायमर.

पण एक तृतीयांशाहून जास्त मुलामा सुटला असेल तर माझा सल्ला वेगळा आहे. उरलेलाही पुढेमागे सुटणार आहे. अनेक गाड्यांच्या साध्या आवृत्तीत तोच भाग मुळातच काळ्या प्लॅस्टिकचा येतो. तो मिळत असेल तर तो लावा.

आम्लानं काढणं

हायड्रोक्लोरिक आम्लात क्रोमियम खरंच विरघळतं. बुडबुडे येतात, काही मिनिटांत चकाकी जाते, पिवळसर निकेल उरतं आणि बुडबुडे थंडावतात. मुलामा करणाऱ्या कारखान्यांत ही नेहमीची पद्धत आहे. घरी मी ती करत नाही आणि करा म्हणून सांगणारही नाही. आम्लाची वाफ डोळ्यांना आणि श्वासाला लागते, आसपासच्या लोखंडी अवजारांवर गंज चढवते, आणि उरलेल्या पाण्यात क्रोमियम-निकेलचे क्षार असतात, जे मोरीत ओतता येत नाहीत. त्या आम्लाजवळ चुकूनही ब्लीच आलं तर क्लोरीन वायू होतो. एवढं करून मिळतं काय? तेच करडं-पिवळं निकेल, जे ३२० नं अर्ध्या दिवसात मिळतं.

त्याहून वाईट म्हणजे कॉस्टिकच्या पाण्यात बॅटरी चार्जर जोडून क्रोम काढणं. ते पाणी पिवळं होतं. तो पिवळेपणा षटसंयुजी क्रोमियमचा असतो, आणि त्यानं कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. याचे व्हिडिओ बघून मोह होतो, पण हे करू नका.

प्रायमर, रंग, लॅकर

घासलेल्या क्रोमवर माझा भरवसा दोन घटकांच्या इपॉक्सी प्रायमरवर आहे. एचिंग प्रायमरमधलं फॉस्फोरिक आम्ल स्टीलवर आणि ॲल्युमिनियमवर चावा घेतं. क्रोमियमच्या निष्क्रिय पडद्यावर त्याला फारसं काही मिळत नाही. एचिंगच्या वर इपॉक्सी मारायचं तर दोन्ही उत्पादनांची माहितीपत्रकं ते चालतं असं सांगत असली तरच. पुष्कळ ठिकाणी स्पष्ट नको म्हटलेलं असतं.

इपॉक्सीचे दोन पातळ हात. पहिला जवळजवळ पारदर्शक वाटेल इतका हलका. खोबणींत आधी, सपाट भागावर नंतर, नाहीतर खोबणीत रंग पोचवायच्या प्रयत्नात सपाट भागावर ओघळ येतात. मग बारीक ओरखडे भरणारा फिलर प्रायमर, तो ६०० नं ओला घासून रंग, आणि शेवटी लॅकर. दोन घटकांच्या लॅकरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि त्यानं कायमचा दमा लागू शकतो. बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल तर तेवढा टप्पा रंगाच्या बूथमध्ये करून घ्या. लवकर सुकावं म्हणून भाग ओव्हनमध्ये ठेवू नका. एबीएस साधारण १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि त्याच्या खूप आधी लांब पट्टी वाकते. ६० च्या वर मी कधीच जात नाही.

केबिनमधल्या वाफेच्या ॲल्युमिनियमवर काम असेल तर क्रम तोच, फक्त हात हलका: ४०० चा पेपर आणि कोरडे वाटावेत असे पातळ हात. ओला जाड हात मारला की थिनर जुन्या लॅकरला उचलतो आणि सगळं सुरकुततं.

दोन जागा सोडून द्या. बिनकिल्लीच्या दारांची काही हँडलं बोटाचा स्पर्श ओळखतात, आणि पुढच्या चिन्हामागे काही गाड्यांमध्ये रडार बसवलेलं असतं. त्यावर जाड किंवा धातूचे कण असलेला रंग चढला तर पुढची गाडी ओळखून वेग सांभाळणारी यंत्रणा चुकते. आपल्या गाडीत तिथे काय आहे हे पुस्तिकेत बघूनच हात लावा.

आणि मुलामा सगळीकडे घट्ट असेल, फक्त चकाकी नको असेल, तर रंगाऐवजी व्हिनाइलची फिल्म लावा असं मी मनापासून सांगतो. ज्या गुळगुळीतपणामुळे रंग धरत नाही त्याच गुळगुळीतपणावर फिल्मचा गोंद उत्तम बसतो, आणि उद्या क्रोम पुन्हा हवं वाटलं तर ते खाली शाबूत असतं. खोल जाळीवर ती बसत नाही, तिथे रंगच हवा.

गाडीवर चढवण्याआधी

भागाच्या मागच्या, न दिसणाऱ्या कडेवरही तीच तयारी आणि तेच हात द्या, म्हणजे तपासायला जागा मिळते. आठवड्यानं तिथे ब्लेडनं दोन-दोन मिलिमीटरवर उभ्या-आडव्या रेघा मारून चौकटी पाडा, चांगली टेप दाबून लावा आणि झटक्यात ओढा. चौकटी टेपवर आल्या तर पट्टी गाडीवर चढवू नका. टेपवरच्या चौकटी उलट्या करून बघा आणि त्या काय सांगतात तिथून पुन्हा सुरुवात करा. रेघांच्या कडेला किरकोळ कपची निघाली तर चालतं.

पहिला महिनाभर प्रेशर वॉशरची धार पट्टीच्या कडेवर धरू नका. पुढच्या ग्रिलवर खडे लागणारच. खड्यानं रंग उडून क्रोम दिसलं की त्याच आठवड्यात ती जागा पुसा, कडा ३२० च्या छोट्या तुकड्यानं उतरत्या करा, ब्रशनं इपॉक्सीचा ठिपका ठेवा आणि वर रंग लावा. ठिपका उघडा राहिला तर पाणी कडेखालून सरकत जातं, आणि पुढच्या धुण्याला पुन्हा बोटभर पापुद्रा हातात येतो.